बकेट वाकडी करायची का मशीन?

गेले काही दिवस आमच्या जेसीबी-पोकलेनवाल्यांच्या वॉट्सॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, तुमच्याकडं पण आला असंल. कुठल्या तरी थंड देशात रस्त्याच्या कडेला एक छोटं पोकलेन उभंय आणि त्याची बकेट मनगटासारखी डावीकडं-उजवीकडं कलतीय, वर गोल पण फिरतीय, ऑपरेटर मशीन जागचं हलवत पण नाही आणि उतार असा घासून काढतोय की वर पाणी टाकलं तर थेंब अडायचा नाही. ग्रुपवर सगळ्यांचं एकच चाललंय, हे आपल्याकडं मिळतंय का आणि केवढ्याला. मला दोघातिघांनी फोन करून पण विचारलं कारण आमचं घरचं ट्रॅक्टर आहे, चुलत भावाचं म्हणजे दादाचं जेसीबी आहे आणि त्यात मला लोखंडाच्या कामात नको तेवढा रस. म्हटलं एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकू.

आधी प्रकार काय आहे ते. जेसीबीच्या मागच्या बकेटला हालचाल एकच, आत ओढायची नाहीतर बाहेर उघडायची. बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, डावीकडं-उजवीकडं वळतो, पाठीमागच्या रेलवर सरकवून आख्खा बाजूला पण नेता येतो, पण बकेटची धार मशीन जशी उभी आहे त्याच लेव्हलला राहती. मशीन कललेली, तर धार पण कललेली. टिल्ट अडॅप्टर म्हणा नाहीतर टिल्ट हिच म्हणा, तो आर्म (बूमच्या पुढचा, बकेट धरणारा दांडा) आणि बकेट यांच्या मधी बसतो आणि बकेटला डाव्या-उजव्या अंगाला कलवतो. बकेट तीच, आर्म तोच, मधला तुकडा नवीन. टिल्ट बकेट म्हणून वेगळी वस्तू मिळती, तिच्यात ही सोय बकेटलाच जोडलेली असती, पण मग ती फक्त त्याच बकेटची. मधला अडॅप्टर असला की आज त्याला गटाराची अरुंद बकेट लावा, उद्या रुंद विनादाताची लावा.

यात तीन तऱ्हा आहेत. पहिली साधी, एक किंवा दोन सिलिंडर बाहेरून दिसतात, मधी एक जाड पिन, पिनवर झोका. दुसरीत बाहेर सिलिंडरच नाही. आत पिस्टनला तिरके दाते असतात, तेलाच्या दाबानं पिस्टन सरकला की त्या दात्यांमुळं शाफ्ट फिरतो, आणि सगळं बंद डब्यात असल्यामुळं खडकात बाहेरचा सिलिंडर रॉड घासायची भानगड नाही. तिसरी ती व्हिडिओतली, टिल्टरोटेटर, म्हणजे कलतो पण आणि ३६० अंशात गोल पण फिरतो. हा स्वीडनचा माल. तिथं १९८०च्या दशकात निघाला आणि आज रोटोटिल्ट, एन्गकॉन, स्टीलरिस्ट ही त्यातली मोठी नावं सगळी स्वीडनचीच आहेत. तिकडं ऑपरेटरचा पगार मोठा, हातानं माती ओढायला चार माणसं उभी करणं परवडत नाही, म्हणून एका मशीननंच फावड्यापासून कुदळीपर्यंत सगळं करायचं असा त्यांचा हिशोब. आपला हिशोब वेगळा, त्याच्याकडं येतोच.

आता आपल्याकडची जमीन बघा. मायणी-कलेढोणपासून वर माण-खटावकडं जा नाहीतर खाली विटा-आटपाडीकडं या, मशीन सपाट उभं राहील अशी जागा काम करायला मिळाली तर ते नशीब म्हणायचं. माळरान, ताली, ओघळ, मधी मुरूम, मुरमाखाली कातळ. अशा ठिकाणी आपला ऑपरेटर काय करतो? जेसीबीचे मागचे दोन जॅक आहेत ना, खालच्या अंगाचा जॅक जास्त सोडतो, वरच्या अंगाचा कमी, आणि मशीनच लेव्हलला आणतो. ते बरोबरच आहे, जॅक त्यासाठीच दिलेत. पण उतार काढायचा असला की हाच माणूस उलटं करतो, सपाटीवर उभ्या मशीनचा एक जॅक मुद्दाम चढवतो, मागची दोन्ही चाकं अधांतरी, केबिन एका अंगाला आणि सात-आठ टनाचं धूड कलवून बकेटची धार तिरकी आणतो. मी शेजारी उभा राहून बघितलंय, जॅकचा पाय ओल्या मातीत हळूहळू रुतत असतो आणि साहेब आत तंबाखू मळत असतात. पोकलेनला तर जॅक पण नाही. मग आधी मुरूम ओढून उभं राहण्यापुरता बेड करायचा, त्यावर चढायचं, चार मीटर काम करायचं, परत पुढं बेड. डोंगरउतारावर समतल चर खोदताना निम्मा वेळ या बेडमधीच जातो.

थोडा आकडा मांडतो म्हणजे कळंल. समजा मशीन ज्या जमिनीवर उभंय तिला आडवा उतार दहाला एक, म्हणजे दहा फुटाला एक फूट. बघायला गेलं तर काहीच नाही, पावणेसहा अंशसुद्धा भरत नाही. पण ३ फुटाच्या बकेटनं चर काढला तर तळाची एक बाजू दुसरीपेक्षा साडेतीन इंचाच्या वर खोल जाती. पाइपलाइनचा चर असंल तर माती ढकलून भागतं. गटाराचं काँक्रीट असंल तर तो तिरका तळ लेव्हलला आणायला १०० फुटाला ४५ घनफूट माल ज्यादा, म्हणजे अर्ध्या ब्रासला थोडाच कमी. तो माल कॉन्ट्रॅक्टरच्या खिशातून जातो आणि शिव्या मशीनवाल्याला बसतात. ऑपरेटर हुशार असंल तर जॅकवर ही लेव्हल साधतो, पण दर दोन-तीन मीटरला मशीन पुढं सरकलं की परत जॅक, परत अंदाज. टिल्ट असला की एक बटण.

मग सगळ्यांनी घ्यायचा का? इथं गाडी अडती. आपल्याकडं मशीन चालतं तासावर. समजा एखादं काम साध्या बकेटनं १० तासाचं आहे आणि रेट १००० रुपये तास धरला, तर मालकाला मिळाले १० हजार. टिल्ट लावला आणि तेच काम ८ तासात झालं तर मिळाले ८ हजार. म्हणजे लाखांत पैसे घालून वस्तू आणायची, तिचे पाइप-सील सांभाळायचे आणि वर २ हजार कमी घ्यायचे. फायदा सगळा शेतकऱ्याचा. आणि शेतकऱ्याला रेट वाढवून सांगा, तो म्हणणार शेजारचा हजारात येतोय. दादा तर सरळ म्हणतो, "अवर मीटर पळतंय तवर मला काय घाई हाय का?" त्याचं चूक नाही, तासावर धंदा करणाऱ्या कुणाचंच चूक नाही. व्हिडिओ बघून हुरळून जायच्या आधी स्वतःला एवढंच विचारायचं की माझी किती कामं रनिंग फुटावर (जेवढी लांबी तेवढे पैसे) किंवा उक्ती (आख्ख्या कामाचा एकच आकडा) आहेत. उक्तं काम असंल तर वाचलेले दोन तास आणि त्याचं डिझेल तुमचं. तासावर असंल तर दुसऱ्याचं. माझ्या मते टिल्ट हा रेट लावायच्या पद्धतीचा प्रश्न आहे, लोखंडाचा नंतर.

आणि व्हिडिओत दाखवतात त्यातल्या बऱ्याच कामाला टिल्ट लागतच नाही हे पण सांगतो. शेततळ्याचंच घ्या. आटपाडी, जत, तासगाव पट्ट्यात डाळिंब आणि द्राक्षासाठी इतकी शेततळी झाली की वरून बघितलं तर काळे-निळे चौकोन दिसतात. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ला आली, त्यातलं मोठं माप ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर. एकास एक उतार धरला तर तो ४५ अंश, तिरकी लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. आता सरळ बाजू काढताना मशीन काठावर तळ्याकडं तोंड करून उभं असतं आणि बकेट खालून वर ओढत आणतं. धार आडवीच हवी असती, टिल्टचा काय संबंध? ऑपरेटरचा हात चांगला पाहिजे बस. खरी अडचण चार कोपऱ्यात. तिथं दोन उतार एकमेकाला भिडतात, मशीन कसं पण उभं करा बकेट एका उताराला सरळ आणि दुसऱ्याला तिरकी पडती, आणि कोपरे खडबडीत राहतात. वर जो प्लॅस्टिकचा कागद येतो तो ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर. एखादा टोकदार दगड राहिला आणि पाण्याचं वजन आलं की गेला. म्हणून कोपऱ्याला बायामाणसं लावून हातानं साफ करून घ्यावं लागतं. दुसरी अडचण काठच वाकडा असंल तर, म्हणजे आपल्याकडं कायमच.

जिथं टिल्ट खरंच पैसे फेडतो ती कामं म्हणजे रस्त्याच्या साइडपट्टीचा उतार, कॅनॉलची किंवा ओढ्याची बाजू, लांबच लांब चर. सगळीकडं एक गोष्ट सारखी, मशीन उताराला समांतर चालतंय आणि उतार त्याच्या बाजूला आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी बऱ्याच ठिकाणी बंदिस्त पाइपनं आणलंय, त्या पाइपच्या चरांवर मशीनं कशी तिरकी उभी असायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळंल. घाटात तर बोलायलाच नको.

आता ट्रॅक्टर. इथं मला जरा रागानं लिहावं लागणार. ट्रॅक्टरला टिल्ट कुठून मिळंल म्हणून विचारणाऱ्यांच्या स्वतःच्या ट्रॅक्टरला तो पहिल्या दिवसापासून बसवलेला आहे राव! मागं अवजार जोडायच्या तीन पॉइंटला बघा, उजव्या अंगाच्या उभ्या रॉडला (लिफ्ट रॉड) वर एक हँडल असतं, लेव्हलिंगचं. ते फिरवलं की अवजार धरणारा ट्रॅक्टरचा उजवा हात वर-खाली होतो आणि अवजार आडवं कलतं. टॉप लिंक, म्हणजे वरचा मधला रॉड, कमी-जास्त केली की अवजार पुढं-मागं कलतं. दोन्ही दिशेचा टिल्ट फुकट. हॅरी फर्ग्युसननं तीन पॉइंटची ही रचना केली आणि १९३९च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरपासून ती खऱ्या अर्थानं सगळीकडं पसरली, आज तुमच्या-माझ्या ट्रॅक्टरला तीच आहे. आणि आपण काय करतो? कधी ग्रीस नाही मारत. दोन पावसाळ्यात त्या हँडलचे आटे जाम होतात, मग कुणीतरी हातोडा घालतं, हँडल वाकतं, आणि मग ट्रॅक्टर विकला जाईपर्यंत ते तसंच. गावातले दहा ट्रॅक्टर बघा, किती जणांचं ते हँडल हातानं फिरतंय ते मोजा.

याचा परिणाम काय होतो ते रोटरमधी (रोटाव्हेटर) दिसतं. एका अंगाची पाती लवकर झिजतात, एका अंगाला माती खोल भुसभुशीत आणि दुसऱ्या अंगाला नुसती खरवडलेली. लोक म्हणतात रोटर खराब. रोटर ठीक आहे, ट्रॅक्टरचा हात वर-खाली आहे.

नांगराचं जरा सविस्तर सांगतो कारण त्यात मजा आहे. साध्या दोन फाळी नांगराला ट्रॅक्टरचं उजवं चाक तासात, म्हणजे आधीच्या फेरीच्या चरात चालतं. तास २२ सेंटीमीटर खोल आणि चाकांमधलं अंतर १४० सेंटीमीटर धरलं तर आख्खा ट्रॅक्टर जवळजवळ ९ अंशात कललेला असतो. नांगर मात्र जमिनीला सरळ पाहिजे, नाहीतर एक फाळ खोल आणि एक वर. तो फरक काढायलाच ते लेव्हलिंगचं हँडल. आता पलटी नांगर आला, जाताना उजवं चाक तासात, येताना डावं. म्हणजे जाताना एका अंगाला ९ अंश, येताना दुसऱ्या अंगाला ९. हँडल दर फेरीला कोण फिरवत बसणार? म्हणून पलटीला दोन्ही लिफ्ट रॉड सारखे ठेवायचे आणि नांगराच्या डोक्याजवळ दोन स्टॉपर बोल्ट असतात, एक डाव्या बाजूसाठी, एक उजव्या, त्यांनी कल धरायचा. म्हणजे हा पण एक टिल्ट अडॅप्टरच झाला की, फक्त बोल्टवर सेट केलेला. ते दोन बोल्ट किती जण हलवतात? दुकानातून आला तसा नांगर पाच वर्षं चालतो आणि मालक म्हणतो रानात वरंबा राहतोय.

ट्रॅक्टरला हायड्रॉलिक टिल्ट पण करता येतो. उजव्या लिफ्ट रॉडच्या जागी एक सिलिंडर बसवायचा, सीटवरून लिव्हर ओढली की अवजार कलतं. मागं सुपडं किंवा ब्लेड लावून बांध घालणाऱ्याला, रस्त्याला साइडचा ढाळ देणाऱ्याला हे फार कामाचं. ६ फुटाच्या ब्लेडला एका टोकाला ३ इंच कल दिला तर तो अडीच अंशसुद्धा नाही, पण शेतरस्त्यावरचं पाणी बाजूला काढायला तेवढा पुरतो. फक्त एक बघा. ट्रॉली टिपिंगला जो पाइप आहे तो एकेरी, तेल जातं आणि ट्रॉली आपल्या वजनानं खाली येती. टिल्टच्या सिलिंडरला दोन्ही बाजूनं जोर लागतो, म्हणजे डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह पाहिजे. ज्यांच्याकडं हायड्रॉलिक पलटी आहे त्यांच्या ट्रॅक्टरला तो आधीच बसवलेला असतो, निम्मं काम झालेलं आहे.

जेसीबी-पोकलेनवाल्यांची पण हीच चूक होती. म्हणतात आपल्या मशीनला ब्रेकर लाइन (खडक फोडायच्या ब्रेकरला तेल देणारा पाइप) आहे, टिल्ट त्यावरच चालवू. बऱ्याच मशीनला ब्रेकर लाइन एका दिशेची असती, तेल एका पाइपनं जातं आणि परत येताना सरळ टाकीत. त्यावर टिल्ट लावला तर एकदा कलंल आणि परत यायचं नाव नाही. दोन्ही दिशेनं प्रेशर देणारी लाइन, नाहीतर बदलून घेता येणारा व्हॉल्व्ह लागतो. आणि सिलिंडरवरच लॉक व्हॉल्व्ह पाहिजे म्हणजे पाइप फुटला किंवा लिव्हर सोडली तरी बकेट आहे तिथंच थांबंल.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, लोकल फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला तर? आपल्याकडं हाताला जोर असलेले कारागीर कमी नाहीत, १९१०ला उभी राहिलेली किर्लोस्करवाडी आमच्यापासून फार लांब नाही, लोखंडी नांगर तिथूनच गावोगाव गेले, आणि कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत काय बनत नाही ते विचारा. पण टिल्टमधी जोर कुठं येतो ते समजून घेतल्याशिवाय वेल्डिंगचा रॉड पेटवू नका. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ८० एमएम, प्रेशर २०० बार, तर ढकलायचा जोर येतो १० टनाच्या आसपास. ओढताना मधल्या रॉडची जागा वजा होती, रॉड ४५ एमएमचा असंल तर राहतो ७ टन. म्हणजे एकच सिलिंडर असंल तर एका बाजूला कलवायला जोर जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. आता समजा बकेटचा फक्त कडेचा दात कातळात अडकला, मधल्या पिनपासून ४५ सेंटीमीटर लांब, आणि तिथं ३ टन जोर आला. सिलिंडर पिनपासून २० सेंटीमीटरवर जोडलेला असंल तर त्याच्यावर पावणेसात टन येतात. ओढायच्या बाजूला असंल तर संपलाच की जोर! हा मार रोज खाऊन आधी बुश (पिन ज्यात फिरती ती कडी) ढिला होतो, मग बकेट टुकटुक हलायला लागती, मग पिनची भोकं लांबोळी होतात, आणि एक दिवस पिन धरणारा लोखंडाचा कान तुटतो. घडवणारा चांगला असंल तर मधली पिन लांब ठेवतो, दोन्ही टोकाला बुश दूर-दूर घेतो, प्लेट नुसती जाड नाही तर योग्य ग्रेडची घेतो आणि ग्रीस पॉइंट असा ठेवतो की ऑपरेटरला वाकायचा कंटाळा येणार नाही. दोन सिलिंडर घातले तर आणखी बरं, दोन्ही बाजूचा जोर सारखा.

किंमत सोडून आणखी एक गोष्ट मोजावी लागती ती खोदायच्या ताकदीची. अडॅप्टर मधी आला की बकेटची पिन ते दाताचं टोक हे अंतर वाढतं. समजा आधी १ मीटर होतं, आता १.२ मीटर झालं, तर दाताच्या टोकाला येणारी ताकद सहाव्या हिश्श्यानं कमी. वर अडॅप्टरचं स्वतःचं वजन, ते उचलायच्या वजनातून वजा. मुरूम-कातळाच्या पट्ट्यात हे लगेच जाणवतं. म्हणून कठीण खोदाई अडॅप्टर काढून, सरळ बकेटनं करायची आणि शेवटचा हात फिरवायला टिल्ट लावायचा, असंच काम बसवावं लागतं. त्यासाठी क्विक हिच, म्हणजे बकेट झटपट काढ-घाल करायची जोडणी पाहिजे नाहीतर दर वेळी पिना ठोकत बसावं लागंल. क्विक हिच असंल तर त्याची सेफ्टी पिन घातल्याशिवाय बकेट जमिनीवरून उचलायची नाही, आणि घातली की आधी बकेट जमिनीवर दाबून-ओढून बघायची. चरात माणूस उतरलेला असताना वरून बकेट निसटली तर काय होतं ते मला लिहायचं पण नाही.

सेकंड हँड टिल्ट अधूनमधून बाहेरून आलेल्या जुन्या मशीनला लागून येतो, तो घेणाऱ्यांनी एवढं करा. बकेटमधी माल भरा, पूर्ण कलवा, जमिनीपासून वीतभर वर ठेवून इंजिन बंद करा. जवळ उभं राहू नका. दहा मिनिटात बकेट आपोआप सरळ व्हायला लागली तर सील किंवा लॉक व्हॉल्व्ह गेलाय. मग बकेट रिकामी करून जमिनीला टेकवा, पहारीनं एका टोकाला उचकटून बघा, मधल्या पिनला किती खेळ आहे ते हाताला कळतं. बंद डब्याच्या तऱ्हेत खेळ दिसला तर विशेष जपून, कारण आतले दाते झिजले असतील तर ते कराडच्या लेथवाल्याच्या हातचं काम नाही.

दादानं एक उक्तं गटाराचं काम घेतलंय, साताऱ्याच्या बाजूला, रनिंग फुटावर. त्याला टिल्ट भाड्यानं मिळतोय का ते आम्ही बघतोय. मिळाला तर तासाला डिझेल किती आणि फूट किती निघाले त्याचे आकडे टाकीन, तवर तुम्ही ट्रॅक्टरच्या त्या हँडलला ग्रीस मारून घ्या.